बावीस जणींचे टाके

वारूळवाडी
सोमवार, १३ जानेवारी २००३

माननीय डॉक्टरसाहेब,

जय भीम.

काल आपण गावात येऊन गेलात. शाळेच्या पडवीत दोन टेबलं मांडून सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत आपण बावीस कुत्र्यांच्या पिशव्या काढल्यात, असं गावभर झालं आहे. सरपंच फार खूश आहेत. कुत्री कमी झाली की त्यांच्या मागं बिबट्या वस्तीत यायचा नाही, असं त्यांना तुमच्या शिबिराच्या ट्रस्टवाल्यांनी समजावून दिलं आहे.

मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात छत्तीस वर्षं ड्रेसर होतो, हे आपणास माहीत असावं. एका दिवसात तीनच्या वर पोटं उघडणारा डॉक्टर मी पाहिला नाही. ज्यांनी तीन उघडली ते सुद्धा चौथ्या दिवशी स्वतः येऊन बघून जात. आपण बावीस उघडलीत, शिवलीत, गुंगी पुरती उतरली नाही तोवर ज्याच्या त्याच्या हातात साखळी दिलीत आणि गाडीत बसलात. सोबत प्रत्येकाला एक छापील कागद आणि पाच दिवसांच्या गोळ्या. कागद इंग्रजीत. वारूळवाडीत.

आज सकाळी तो कागद घेऊन चिमाबाई माझ्याकडे आली. कॅनॉलच्या कडेला, उसाच्या बांधाला एकटीच राहते, चार शेळ्या आहेत, ती. तिची वाघी नावाची कुत्री काल आपल्या हाताखालून गेली. म्हणाली, "भागुजीभाऊ, ह्यात काय लिवलंय ते वाचा. मला वाटलं, सरकारी नोटीसच हाय."

मी वाचून दाखवलं. दहा दिवस पळू द्यायचं नाही. उड्या मारू द्यायच्या नाहीत. टाक्यांना पाणी लावायचं नाही, जखम चाटू द्यायची नाही, कोरड्या स्वच्छ जागेत ठेवायचं. रोज दोनदा टाके बघायचे.

ती म्हणाली, "माझ्याकडं कोरडी जागा म्हंजी शेळ्यांचा गोठाच की. आन् टाके बघायचे म्हंजी काय बघायचं? तुमी येता का?"

मी सांगितलं, "ज्यानं कापलं त्याला विचार."

बरोबरच सांगितलं. मी आता निवृत्त आहे.

राहिली घरी येण्याची गोष्ट. तू येऊन गेलास असं तुझी आई म्हणाली. मी रानात होतो. दहा मिनिटं थांबला असतास तर आलोच असतो. पण तुला दहा मिनिटं कुठली? दीड वर्षानं आलास आणि दारातूनच फिरलास. चहा सुद्धा उभ्यानं घेतलास म्हणे.

कळावे.

भागुजी
निवृत्त ड्रेसर


वारूळवाडी
गुरुवार, १६ जानेवारी २००३

राजरत्न,

वाघी माझ्याकडं आहे. आमच्या पुढच्या खोलीत, पोत्यावर जुनी चादर टाकून तिला निजवली आहे. तुझी आई म्हणते, खोलीत वास येतो. येणारच. जखम पिकली आहे.

काल संध्याकाळी चिमाबाई तिला टोपल्यात घालून, डोक्यावर घेऊन आली. साठीच्या पुढची बाई, अर्धा मैल. दारात टोपलं उतरवून म्हणाली, "तुमी रागावला तर रागवा, पन बघा." वाघीनं चाटून चाटून बाहेरचे दोन टाके काढले होते. कातडी दोन बोटं फाकली होती. आत शेणाचा कण होता. ताप एकशे चार.

मी बाईवरच ओरडलो. "गोठ्यात कशाला बांधलीस? वाचून दाखवलं होतं ना?"

"मग कुठं बांधू? घरात एकच खोली, तिला बी दार न्हाई, फळी लावते मी. भायेर बांधली तर बिबट्या उचलील. तिला पळता यायचं न्हाई, भुकता यायचं न्हाई. शेळ्यांत ठिवली ती काय हौसनं?"

 ह्याला उत्तर तुला सुचतं का बघ.

माझा ड्रेसिंगचा डबा निवृत्तीनंतर पहिल्यांदा उघडला. सगळं जागच्या जागी होतं. कोमट पाण्यात पोटॅशियम परमँगनेट टाकून जखम धुतली. धुताना ती माझा हात तोंडात धरून होती, पण दात लावला नाही. बीटाडिन भरलं, गॉज ठेवलं. माझ्या जुन्या बनियनला चार भोकं पाडून तिच्या अंगात घातलं आणि पाठीवर गाठ मारली. गळ्यात बादली. बादलीचं बूड तुझ्या आईच्या सुरीनं कापलं, म्हणून ती अजून माझ्याशी बोलत नाही. पातळ भात आणि ताक दिलं. चार घास खाल्ले.

आतला थर अजून धरून आहे. पण त्याच्यावर माझा भरवसा नाही. खालच्या टोकाला बोट ठेवलं की मऊ लागतं. तो थर सुटला तर आतडं बाहेर येईल आणि मग माझ्या बनियनानं ते आत राहणार नाही. टाके घालणं माझं काम नाही. मी छत्तीस वर्षं डॉक्टरांच्या शेजारी उभा राहिलो, पण सुई माझ्या हातात कधी घेतली नाही, आणि आता घेणार नाही. आपल्या सरकारी दवाखान्याचे डॉक्टर प्रशिक्षणाला गेले आहेत, सोमवारी येणार.

म्हणून आज सकाळी किराणा दुकानातल्या फोनच्या डब्यात रुपया टाकून तुझ्या पुण्याच्या दवाखान्यात फोन केला. मुलगी बोलली. "डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत. आपण कोण बोलताय?"

मी म्हणालो, "गावचा माणूस." आणि ठेवून दिला.

का ठेवला ते तुला कळेल. दोन हजार एकच्या मे महिन्यात, तुझ्या दवाखान्याच्या उद्घाटनाला, सूट घातलेल्या एका गृहस्थांनी माझ्याकडं बोट करून तुला विचारलं, "हे कोण?" तू म्हणालास, "आमच्या गावचे आहेत. जनावरांच्या दवाखान्यात होते." मी शेजारीच उभा होतो. खात्याचा खाकी शर्ट इस्त्री करून घातला होता, कारण माझ्याकडं तोच चांगला होता. त्या गृहस्थांनी माझ्याकडं पाहिलं, तर मी पण मान हलवली. "हो हो, गावचाच." बापानं स्वतःच्या तोंडानं तुझं खोटं पुरं केलं. तुझी आई म्हणते, पोरगं घाबरलं होतं, एवढ्या मोठ्या लोकांत एकटं होतं. मी म्हणतो, घाबरल्यावर माणूस बापाचं नाव घेतो.

हे पत्र तुला पोचेल तोवर वाघीचं जे व्हायचं ते होऊन जाईल. तुला कळावं म्हणून लिहिलं, यावं म्हणून नाही.

भागुजी


वारूळवाडी
शनिवार, १८ जानेवारी २००३

राजरत्न,

काल तू आलास आणि गेलास. वाघी जिवंत आहे. ताप शंभर पूर्णांक चार दशांश, म्हणजे कुत्र्याला नाहीच म्हणायचा. सकाळी उभी राहिली, अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन आली, पुन्हा पोत्यावर येऊन पडली. चिमाबाई शेळ्यांचं दूध घेऊन आली होती, ते पाणी घालून दिलं.

हे झालं डॉक्टरला कळवायचं. आता बाकीचं. तुझ्या तोंडावर बोलता आलं नाही, कारण तुझे हात रक्तात होते आणि चिमाबाई समोर होती.

काल सकाळी बनियन सोडलं तर खालच्या टोकाला लिंबाएवढा फुगवटा. मी उठलो, चपला घातल्या, पुन्हा काढल्या. तुझी आई चुलीपाशी बसून बघत होती. म्हणाली, "फोन करनार का तिला मरू देनार?"

मी म्हणालो, "त्या मुलीला काय सांगू? कोण म्हणून सांगू?"

ती उठली, माझ्या खिशातला रुपया काढला आणि गेली. परत येऊन एवढंच म्हणाली, "त्याची आई बोलते म्हनलं. निघालाय त्यो." तुझ्या आईला आयुष्यात पहिल्यांदा फोन लावता आला तो असा.

अडीच तासांत आलास. पिंपांवर दाराची फळी टाकून टेबल केलं होतं, ते तुला चाललं. तुझ्या आईनं दुधाच्या पातेल्यात कात्र्या उकळल्या, चिमाबाईनं मागचे पाय धरले. तू कातडी बाजूला केलीस आणि मी सांगतो, तुझा हात चांगला आहे. नाही म्हणणार नाही. उगाच कुठं ओढत नाहीस, आतड्याला बोट लावायच्या आधी थांबतोस. कोणती कात्री पाहिजे ते मला आधी कळत होतं. तू मागायच्या आत देत होतो.

पण आतली गाठ सुटलेली तू पाहिलीस आणि मीही पाहिली. कुत्रीनं चाटून आतली गाठ सुटत नाही. ती सैलच बसली होती.

तू म्हणालास, "ही एकोणिसावी होती, आबा. तोवर माझे हात गेले होते."

"मग थांबायचं."

"पुढं तीन बांधलेल्या होत्या."

"त्यांना उद्या या म्हणायचं."

"ट्रस्टनं पंचवीसचा आकडा दिला होता."

"आकडा त्यांचा. सुई कोणाची?"

तू पुढचा दोरा ओवलास. बरं केलंस.

आणि मग शेवटचा टाका घालताना तू मलाच विचारलंस. मान वर न करता. "तिसऱ्या दिवशी का नाही बघितलं तुम्ही? मी आईकडं चिठ्ठी ठेवली होती. यादी होती सगळ्यांची."

मी म्हणालो, मला कसलीही चिठ्ठी मिळालेली नाही.

तुझ्या आईनं मान खाली घातली. तू तिच्याकडं पाहिलंस आणि म्हणालास, "असू दे आई, राहून जातं." विषय संपला. हात धुतलेस, या खेपेला बसून चहा घेतलास, गोळ्या लिहून दिल्यास, गेलास.

मला एवढंच सांगायचं आहे की बावीस जणींची जोखीम एका चिठ्ठीवर टाकून जायची नसते. काम माणसाला समोर उभं राहून सांगायचं असतं. माणूस घरी नसेल तर थांबायचं असतं. तुझ्या शिक्षणात हे नसेल. माझ्या नोकरीत होतं.

भागुजी


वारूळवाडी
बुधवार, २२ जानेवारी २००३

राजरत्न,

आज दहावा दिवस. बाकीच्यांचे टाके काढायला सुरुवात केली आहे. सकाळपासून अकरा झाल्या. ज्या चावऱ्या आहेत त्यांच्या तोंडाला धोतराची पट्टी बांधतो. हात अजून चालतो, डोळ्यांना मात्र चष्मा लावूनही दोरा दिसत नाही, उजेडात न्यावं लागतं.

चार दिवस मी तुझी यादी घेऊन घरोघरी फिरतो आहे.

होय, तुझी यादी. ती चिठ्ठी मला मिळाली होती.

तुझ्या आईनं ती रविवारीच पुढं केली होती. मी म्हणालो, त्याचं नाव माझ्यापुढं काढू नको. मग तिनं ती माझ्या ड्रेसिंगच्या डब्यात ठेवली, कॉटनच्या वर, उघडला की दिसेल अशी. बुधवारी वाघीसाठी डबा उघडला तेव्हा दिसली. पाकिटावर 'आबांस' लिहिलेलं होतं. मी ती उचलून फडताळात टाकली आणि खालचा कॉटन घेतला. गुरुवारच्या पत्रात तुला लिहिलं की डब्यात सगळं जागच्या जागी होतं. त्याच वेळी ती फडताळातून माझ्याकडं बघत होती.

शुक्रवारी तू गेल्यावर फोडली. तू लिहिलं होतंस, 'आबा, मला उद्या पुण्यात हजर राहावं लागतंय. सोबत बावीस घरांची यादी आहे. तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी टाके बघाल का? काही वाटलं तर खालच्या मोबाईलवर लगेच सांगा, मी येतो. तुमच्याइतकं हे कुणी बघू शकणार नाही.' अक्षर घाईचं होतं. वाचून मला चांगलं वाटायला पाहिजे होतं. मला इतका राग आला की पाकीट मुठीत चुरगळलं. कोणाचा राग, ते विचारू नको.

आणि मी रानात नव्हतो. तुझी गाडी वळताना ऐकली आणि मागच्या दारानं परसात गेलो. पेरूच्या झाडाआड उभा होतो. तू आईला विचारलंस, "आबा कुठायत?" तेही ऐकलं. तू दहा मिनिटं थांबला नाहीस असं लिहिलं. तू पाऊण तास होतास. पाऊण तास मी डास मारत उभा होतो.

तुझ्या आईची मी माफी मागितली. तुझ्यासमोर तिला विसराळू ठरवलं म्हणून. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "माझी काय मागताय? मला सवय हाय. ज्यांची मागायची त्यांच्याकडं जावा."

त्यासाठीच हे पत्र आहे. नीट वाच.

यादीत चौदावं नाव सोमाजीचं आहे. नारायणगावच्या बाजूला ज्याचा टोमॅटोचा प्लॉट आहे, तो. शनिवारी दुपारी मी त्याच्या दारात गेलो आणि म्हणालो, "कुत्री दाखव, टाके बघायचेत."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "कुत्री न्हाई ऱ्हायली, भाऊ. बेस्तरवारीच गेली."

त्याची बायको कुशाबाई आतून आली. तिनं सगळं सांगितलं. कुत्रीच्या अंगाला रक्त लागलं होतं, तिला घाण वाटली, म्हणून सोमवारी तिनं तिला पाटाच्या पाण्यानं चांगली चोळून आंघोळ घातली. मंगळवारपासून कुत्री खाईना. बुधवारी गव्हाणीखाली जाऊन बसली ती बाहेर आलीच नाही. कागद होता त्यांच्याकडं. जपून, घडी घालून, रेशन कार्डात ठेवला होता.

"आमीच मारली तिला," कुशाबाई म्हणाली. "डाक्टर एवढे पुण्याहून आले, फुकाट केलं, आन् आमाला तेवढं बी जपता आलं न्हाई. तुमी डाक्टरान्ला सांगू नका हां. त्यान्ला वाईट वाटंल."

राजरत्न, तुला वाईट वाटेल म्हणून ती बाई घाबरली होती.

शनिवारी मी चिठ्ठीचं सांगितलं नाही. पुढच्या घरी गेलो. तिथंही कुत्रीच्या जखमेत पाणी झालं होतं, ते काढलं. रविवारी आणखी दोन निघाल्या, त्यांना तुझ्या गोळ्या पुरल्या. काम करत होतो आणि डोक्यात एकच. बुधवारी सकाळी मी सोमाजीकडं गेलो असतो तर ती गव्हाणीखाली बसलेली मला दिसली असती. मी त्या वेळी घरी पेपर वाचत होतो.

सोमवारी पुन्हा गेलो. दोघंही होती. मी खाली बसलो आणि सांगितलं. "चूक तुमची नाही. कागद तुम्हाला वाचता येणार नव्हता. तुमच्या घरी येऊन बघायचं काम मला सांगितलं होतं. चिठ्ठी होती. मी वाचली नाही, पोराचा राग म्हणून. बुधवारी आलो असतो तर कुत्री कदाचित वाचली असती."

सोमाजी काडीनं माती उकरत होता. मग म्हणाला, "तुमच्या घरातल्या भांडणात आमची कुत्री गेली म्हना की."

मी म्हणालो, "होय."

एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. कुशाबाईनं चहा ठेवला होता, तो तिनं आणून दिला आणि आत निघून गेली. तो मला प्यावा लागला.

वाघी चांगली आहे. कालपासून बादली घेऊन घरभर फिरते आणि प्रत्येक भिंतीला आपटते. तुझी आई तिला ओरडते आणि तिच्यासाठी अंडं उकडते. तिचे नवे टाके सत्तावीसला काढीन. तोवर ती इथंच राहील. चिमाबाईच्या खोलीला दार लावून द्यायचं मी सुताराला सांगितलं आहे.

आता तुझं. रविवारी सव्वीस जानेवारी. झेंडा झाल्यावर ग्रामसभा आहे आणि तीत शिबिराबद्दल तुझा शाल, श्रीफळ देऊन सत्कार आहे. सरपंच काल घरी येऊन सांगून गेले. तू होकार दिलास असंही म्हणाले. फळ्यावर लिहायला त्यांना 'बावीस यशस्वी शस्त्रक्रिया' असं पाहिजे आहे. मी त्यांना काही बोललो नाही. ते बोलायचं काम माझं नाही.

माझ्या वाट्याचं मी सांगून आलो. तुझ्या वाट्याचं मी सांगणार नाही. इंग्रजी कागद तू दिलास, गुंगीत कुत्री घरी तू पाठवलीस, पंचविसाच्या आकड्याला हो तू म्हणालास, एकोणिसावीला हात थकलेले असताना सुई तू धरलीस. सोमाजीची चौदावी होती. तिच्या पोटात काय झालं ते आता कळायचं नाही. कदाचित तुझी गाठ घट्ट असेल आणि सगळं माझंच असेल. पण ते तुला त्याच्या दारात जाऊन, त्याच्या डोळ्यांकडं बघून सांगावं लागेल.

सभा दहाला आहे. सोमाजी साडेसातला पाणी द्यायला प्लॉटवर जातो, त्याआधी घरी असतो. मी तुझ्याबरोबर येणार नाही. वाटेत कोणी विचारलं, कुठं निघालात, तर खरं सांग.

जाणार असशील तर ये. नसशील तर येऊ नको. सरपंचांना मी सांगतो, शाल पोस्टानं पाठवा.

आबा